कन्सोलच्या कुलपाची कुळकथा

निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलच्या दर्शनी भागावर एक लाल दिवा होता. १९८५ साली हा कन्सोल अमेरिकेत आला आणि पुढे घरोघरी एकच तक्रार ऐकू येऊ लागली. कॅसेट आत ढकलली, बटण दाबलं, की दिवा सेकंदाला एकदा या गतीने लुकलुकत राहतो आणि खेळ काही सुरू होत नाही. मग कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. आतल्या पिना सैल झालेल्या असत, धूळही असे. पण दिवा लुकलुकवणारी गोष्ट वेगळी होती. कन्सोलच्या बोर्डावर '१०एनईएस' नावाचा प्रोग्राम असलेली एक छोटी चिप होती आणि तशीच दुसरी चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये होती. कन्सोल सुरू होताच दोन्ही चिपा एकच आकडेमोड एकाच वेळी करत आणि एकमेकींची उत्तरं ताडून पाहत. उत्तर जुळलं नाही, किंवा सैल पिनेमुळे पोचलंच नाही, तर कन्सोलमधली चिप सगळं यंत्र रीसेट करी. आणि हे पुन्हा पुन्हा चालू राही.

कन्सोलमधल्या त्या चिपची चौथी पिन कापली की रीसेट होणं थांबतं. दिवा स्थिर राहतो आणि परवाना नसलेली कॅसेटही चालते. कन्सोलमध्ये फेरफार करण्याचा इतका सोपा प्रकार पुढे क्वचितच सापडेल. विशेष म्हणजे त्या काळी ही पिन कापण्यात बेकायदा असं काहीच नव्हतं. कन्सोल तुमचा, पिनही तुमची. हौशी माणसाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या कन्सोलवर चालवणं, म्हणजे आज ज्याला होमब्रू म्हणतात ते, पुढच्या पंधरा वर्षांत संशयाच्या यादीत कसं गेलं, हे समजून घ्यायचं तर आधी हे कुलूप बसवलं कशासाठी ते पाहावं लागतं. ते प्रामुख्याने चोरांसाठी बसवलेलं नव्हतं. ते बसवलं होतं स्पर्धकांसाठी.

त्याआधीच्या अटारीच्या १९७७ सालच्या कन्सोलला कुलूपच नव्हतं. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे प्रोग्रामर अटारी सोडून बाहेर पडले आणि त्यांच्या पुढाकाराने ॲक्टिव्हिजन उभी राहिली. कंपनी खेळावर प्रोग्रामरचं नाव छापत नाही, नफ्यातला वाटा देत नाही, हा त्यांचा राग होता. अटारीने दावा लावला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि दुसऱ्याच्या कन्सोलसाठी खेळ बनवणं हा रीतसर धंदा ठरला. पाठोपाठ वाटेल त्याने वाटेल तसे खेळ बाजारात ओतले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. निन्टेन्डोने त्यातून घेतलेला धडा म्हणजे ती चिप.

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी रूपात, मात्र ही चिप नव्हती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जे 'व्हिडीओ गेम' खेळले गेले, ते बहुतेक याच बिनकुलपाच्या फॅमिकॉमची नक्कल होते. म्हणून तर एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या त्या पिवळ्या, लाल कॅसेटी विनातक्रार चालत.

अमेरिकेत परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढता येत, ते दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर आणता येत नसत आणि कॅसेटी निन्टेन्डोच बनवून देई. जुन्या अटारीतूनच वेगळ्या झालेल्या अटारी गेम्सने आधी हा परवाना घेतला, मग तो जाच वाटून चिपलाच फसवायचं ठरवलं. पण त्यासाठी त्यांनी केलं ते अक्षम्य होतं. आपल्यावर खटला चालू असल्याची खोटी थाप मारून त्यांनी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून १०एनईएसच्या प्रोग्रामची प्रत मिळवली. सप्टेंबर १९९२ मध्ये ते हरले. निकालाचा एक भाग मात्र हरणाऱ्यांना उपयोगी पडणारा होता. चिप उघडून, तपासून ती कशी चालते हे शिकणं 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय केलेला रास्त वापर, ठरू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. अटारी गेम्स अडकली ती खोटेपणाने मिळवलेल्या प्रतीमुळे.

सहा आठवड्यांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोहून दुसरा निकाल आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सगळ्यात मोलाचा कागद आहे: सेगा विरुद्ध ॲकोलेड, २० ऑक्टोबर १९९२.

ॲकोलेड ही ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांची पुढची कंपनी. अटारीतून बाहेर पडलेले हेच ते दोघे. त्यांना सेगाच्या जेनेसिस कन्सोलसाठी खेळ काढायचे होते, पण परवाना घ्यायचा तर सगळ्या खेळांचं उत्पादन सेगाच्या हाती द्यावं लागणार होतं. त्यांनी नकार दिला. बाजारातून सेगाचे तीन खेळ विकत आणले, कन्सोलला तारा जोडल्या, यंत्रभाषेतला प्रोग्राम उलगडून वाचला आणि कन्सोलशी बोलायचं तर काय काय लागतं याची एक पुस्तिका तयार केली. तीत सेगाच्या प्रोग्रामची एकही ओळ नव्हती. या पुस्तिकेवरून त्यांनी आपले खेळ लिहिले. १९९० मध्ये 'इशिदो' बाजारात आला.

सेगाने पुढच्या कन्सोलमध्ये नवी तपासणी घातली. कॅसेटमध्ये ठरावीक जागी एस, ई, जी, ए ही चार अक्षरं आहेत का, हे कन्सोल बघे. असली तर खेळ सुरू होई आणि पडद्यावर तीन सेकंद झळके, की हा खेळ सेगाने किंवा सेगाच्या परवान्याने तयार केलेला आहे. जानेवारी १९९१ च्या प्रदर्शनात सेगाने नव्या कन्सोलवर इशिदो कसा अडतो ते दाखवलं. ॲकोलेडचे लोक पुन्हा कामाला लागले, ती जागा त्यांना सापडली आणि पुढच्या खेळांत त्यांनी ती चार अक्षरं घातली. हा सगळा तुकडा वीस-पंचवीस बाइटचा. खेळ पाच लाख ते पंधरा लाख बाइटचे.

सापळा चोख होता. अक्षरं घालावीत तर पडद्यावर सेगाचं नाव येणार आणि ट्रेडमार्कचा भंग होणार. न घालावीत तर खेळच चालणार नाही. खालच्या न्यायालयाने ॲकोलेडला मनाई केली. अपिलात न्यायमूर्ती स्टीफन राइनहार्ट यांच्या पीठाने ती उठवली. कन्सोल कसा चालतो हे कळायला दुसरा मार्गच नसेल आणि हेतू रास्त असेल, तर प्रोग्राम उलगडून वाचणं हा फेअर यूज आहे, असं न्यायालयाने ठरवलं. पडद्यावरच्या खोट्या वाक्याची जबाबदारीही मुख्यतः सेगावर टाकली, कारण कुलूप तसं घडवलं होतं सेगानेच. त्याच वर्षी मे महिन्यात 'गेम जिनी' या जोडयंत्राच्या बाजूने निकाल लागला होता. निन्टेन्डोच्या खेळातले आकडे खेळताना तात्पुरते बदलणं म्हणजे नवी चोरटी कलाकृती नव्हे, असं त्यात ठरलं होतं. १९९२ संपताना चित्र स्वच्छ होतं. कंपनीने कुलूप बसवावं, उघडता आलं तर दुसऱ्याने ते उघडावं. कायदा एवढंच बघणार, की तुम्ही कुणाचं लिखाण चोरलं का.

मग खेळ सीडीवर आले आणि प्रश्नाचं रूप पालटलं. कॅसेटची नक्कल करायला कारखाना लागायचा, सीडीची नक्कल घरच्या रायटरवर होऊ लागली. सोनीच्या प्लेस्टेशनमध्येही चार अक्षरंच होती: जपानी डिस्कवर एससीईआय, अमेरिकन डिस्कवर एससीईए, युरोपीय डिस्कवर एससीईई. डिस्कच्या आतल्या भागातल्या खोबणीला एक सूक्ष्म लाट देऊन ती नोंदवलेली असत आणि घरगुती रायटरला ती लाट उमटवता येत नसे. मॉडचिप म्हणजे काही रुपयांचा एक मायक्रोकंट्रोलर. चार-पाच तारांनी तो बोर्डाला डाखायचा, आणि डिस्क कुठलीही असो, तो कन्सोलला ती अक्षरं ऐकवत राही. आपल्याकडे 'चिप बसवलेला' प्लेस्टेशन म्हणत तो हाच.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की या चिपांचा सगळ्यात मोठा उपयोग पायरेटेड डिस्का चालवण्यासाठीच झाला. पण त्या चार अक्षरांना चोरी ओळखता येत नव्हती. टोकियोहून पैसे मोजून आणलेली अस्सल डिस्क लंडनच्या कन्सोलवर अडे, आणि एखाद्या मुलाने स्वतः लिहिलेला खेळही अडे. सोनीला या मुलांची जाणीव होती. १९९६-९७ मध्ये त्यांनी 'नेट यारोझे' नावाचा काळा प्लेस्टेशन खास हौशी प्रोग्रामरांसाठी विकायला काढला होता. म्हणजे घरी खेळ लिहिण्यात वावगं काही नव्हतं. अट एकच, कुलपाची किल्ली कंपनीच्या हातून घ्यायची.

१९९६ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कॉपीराइट करारात तांत्रिक कुलपांना कायद्याचं संरक्षण देण्याचं कलम आलं. अमेरिकेने ते १९९८ च्या डीएमसीए कायद्यात उतरवलं, आणि करारात होतं त्याहून कडक करून उतरवलं. कलम १२०१ म्हणतं की कॉपीराइट असलेल्या कृतीपर्यंत पोचण्याचा रस्ता अडवणारं कुलूप उघडणं हाच गुन्हा, मग आत जाऊन तुम्ही काही चोरा वा न चोरा. उघडण्याची हत्यारं बनवणं आणि विकणं हा वेगळा गुन्हा. व्यापारी हेतूने केला तर पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड. वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांशी जुळावेत म्हणून एक सवलत ठेवली आहे, पण ती अरुंद आहे. १९९२ मध्ये राइनहार्ट यांनी विचारलेला हेतूचा प्रश्न इथे दारातच थांबला. होमब्रूच्या कायदेशीरपणाची सगळी पंचाईत या एका बदलातून सुरू होते.

हे असंच व्हायला हवं होतं का? ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने नाही म्हटलं. सिडनीचे स्टीव्हन्स नावाचे गृहस्थ प्लेस्टेशनमध्ये मॉडचिप बसवून देत आणि नकली डिस्काही विकत. त्यांची बाजू नैतिकदृष्ट्या कुणी घ्यावी अशी नव्हती. पण सोनीच्या दाव्यातला मुद्दा कायद्याचा होता: ही चार अक्षरं म्हणजे कॉपीराइटचा भंग रोखणारं साधन आहे का? पहिल्या न्यायालयाने सोनीचा दावा फेटाळला, अपिलात सोनी जिंकली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एकमताने निकाल पुन्हा फिरवला. तर्क साधा आणि अचूक होता. नक्कल होते ती डिस्क कन्सोलमध्ये जाण्याआधीच. अक्षरं नक्कल रोखत नाहीत, ती फक्त खेळणं रोखतात, आणि खेळणं हा कॉपीराइटचा भंग नव्हे. खेळताना मेमरीत खेळाचे तुकडे उमटतात, तीही नक्कलच, असा सोनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाला तो पटला नाही.

हा निकाल वर्षभरच टिकला. अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारात ऑस्ट्रेलियाने कायदा बदलायचं कबूल केलं होतं आणि २००६ च्या दुरुस्तीने व्याख्या रुंद झाली. तरी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने एक गोष्ट वाचवली. चित्रपट आणि संगणकीय खेळ यांच्यासाठी जगाचे भाग पाडणारी प्रादेशिक कुलपं त्यांनी संरक्षणातून वगळली.

या वर्षांत होमब्रूने काय दिलं, हे न्यायालयांत फार कमी सांगितलं गेलं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स २००१ मध्ये आला. एमआयटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू 'बनी' ह्वांगने स्वतः बनवलेला एक छोटा बोर्ड त्याच्या आतल्या बसवर, म्हणजे माहिती वाहणाऱ्या तारांवर, टेकवला आणि तिथून वाहणारी गुप्त किल्ली वाचली. त्यावर त्याने पुस्तक लिहिलं, तर डीएमसीएच्या भीतीने प्रकाशकाने माघार घेतली आणि २००३ मध्ये त्याला ते स्वतः छापावं लागलं. एक्सबॉक्सवर लिनक्स चालू लागलं. आणि काही हौशी मंडळींनी त्यावर चित्रपट, गाणी लावणारा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव एक्सबीएमसी. त्यालाच २०१४ पासून कोडी म्हणतात आणि आज तो असंख्य टीव्ही-बॉक्सांवर चालतो. त्याच्या जन्मकाळची एक कायदेशीर अडचण सांगण्यासारखी आहे. प्रोग्राम या मंडळींचा स्वतःचा होता, पण तो एक्सबॉक्सवर चालेल असा तयार करायला मायक्रोसॉफ्टची विकासकांसाठीची अधिकृत साधनं लागत आणि त्यांचा परवाना या लोकांकडे नव्हता. म्हणून ते फक्त सोर्स कोड देत, तयार प्रोग्राम देत नसत. होमब्रू कायदेशीर आहे का, या प्रश्नाला एकच उत्तर नसतं ते यामुळे. कुलूप उघडणं, साधनं वापरणं, तयार प्रोग्राम वाटणं, या प्रत्येकाला वेगळा नियम लागतो.

प्लेस्टेशन ३ ची हकिकत मात्र मला सगळ्यात जास्त बोचते. २००६ मध्ये हा कन्सोल आला तेव्हा सोनीने स्वतःहून त्यात 'अदरओएस' ही सोय दिली होती. कन्सोलवर लिनक्स टाका, हवे ते प्रोग्राम लिहा. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभारला. पहिली तीनेक वर्षं या कन्सोलवर होमब्रूला कुलूप तोडायची फारशी गरजच पडली नाही. २०१० च्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणाने याच वाटेने कन्सोलच्या आतल्या राखीव भागात शिरकाव केल्याचं जाहीर केलं. १ एप्रिल २०१० ला सोनीने ३.२१ क्रमांकाचा अपडेट पाठवला आणि अदरओएस काढून टाकलं. अपडेट घेतला तर लिनक्स गेलं, नाही घेतला तर ऑनलाइन खेळ आणि नवे खेळ गेले. विकलेल्या वस्तूतला एक भाग विक्रेत्याने घरात न शिरता काढून नेला होता.

डिसेंबरअखेर बर्लिनच्या हॅकर परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटाने उत्तर दिलं. लिनक्स परत मिळवणं हा आपला हेतू असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. सोनी आपल्या प्रत्येक अधिकृत प्रोग्रामवर जी गणिती सही करे, तीत दर सहीला नवा यादृच्छिक आकडा वापरावा लागतो. सोनी दर वेळी एकच आकडा वापरत होती. दोन सह्या शेजारी ठेवल्या की शाळकरी बीजगणिताने गुप्त किल्ली बाहेर येते. काही दिवसांतच हॉट्झने कन्सोलची मूळ किल्ली प्रसिद्ध केली, ११ जानेवारी २०११ ला सोनीने दावा लावला आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. हॉट्झने सोनीच्या उत्पादनांशी पुन्हा असं काही न करण्याचं मान्य केलं. त्यामुळे स्वतःचा कन्सोल स्वतःसाठी उघडणं गुन्हा आहे का, हा प्रश्न निकालापर्यंत गेलाच नाही. अदरओएस गमावलेल्या ग्राहकांनी वेगळा सामूहिक दावा केला होता. त्यात २०१८ मध्ये सोनीने ३७.५ लाख डॉलरांवर तडजोड केली.

त्याआधी, २०१० च्याच डिसेंबर महिन्यात, लॉस एंजेलिसमध्ये एक्सबॉक्स ३६० मॉड करून देणाऱ्या एका विद्यार्थ्यावरचा फौजदारी खटला सुरू होऊन तिसऱ्या दिवशी गुंडाळला गेला. आरोपीला आपण कायदा मोडतोय हे ठाऊक होतं, हे सिद्ध करावं लागेल, असं न्यायाधीशांनी बजावल्यावर सरकारी पक्षाने खटला मागे घेतला.

अमेरिकेत दर तीन वर्षांनी काँग्रेसचा ग्रंथपाल कलम १२०१ मधून काही सवलती देतो. २०१० मध्ये स्मार्टफोन जेलब्रेक करायला, म्हणजे त्याचं कुलूप उघडायला, परवानगी मिळाली. २०१२ मध्ये कन्सोलसाठी तीच मागितली गेली आणि नाकारली गेली. कारण दिलं गेलं, की कन्सोलचं जेलब्रेकिंग पायरसीशी घट्ट बांधलेलं आहे आणि लिनक्स चालवायला बाकी संगणक आहेतच. २०१५ मध्ये बंद पडलेले ऑनलाइन खेळ जतन करणाऱ्या ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना थोडी वाट मिळाली. २०२१ मध्ये बिघडलेला डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती सवलत आली. तीही अर्धीच, कारण सवलत उघडण्याच्या कृतीला मिळते, उघडण्याचं हत्यार विकायला नाही. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स या इटालियन प्रकरणात जरा वेगळा सूर लावला: कुलूप प्रमाणात असावं आणि तोडणारं साधन प्रत्यक्षात कशासाठी वापरलं जातं ते बघावं. पुढे मिलानच्या न्यायालयाने निकाल निन्टेन्डोच्याच बाजूने दिला.

२०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचच्या प्रोसेसरमध्येच एक चूक सापडली. उजवा कंट्रोलर सरकवायच्या खाचेतल्या दोन टोकांना वाकवलेल्या कागदी क्लिपने जोडलं, की कन्सोल दुरुस्तीच्या अवस्थेत जातो आणि तिथून आत शिरता येतं. चूक सुरुवातीच्या कायम मेमरीत असल्याने विकले गेलेले कन्सोल अपडेटने सुधारणं शक्य नव्हतं. या एका भोकातून दोन वेगळ्या वाटा निघाल्या. 'ॲटमॉस्फिअर' हा मोफत होमब्रू प्रकल्प पायरेटेड खेळ चालवण्याची सोय मुद्दाम ठेवत नाही. 'टीम एक्झेक्यूटर'ने तीच सोय विकून धंदा केला आणि २०२२ मध्ये त्यांच्या एका सदस्याला ४० महिन्यांची कैद झाली. माझा आग्रह हाच आहे, की कायद्याने या दोन वाटांमध्ये फरक करावा. कलम १२०१ तो करत नाही. दरम्यान कंपन्यांना कायद्याचीही गरज उरू नये अशी सोय झाली आहे. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतला ग्राहक करार बदलला आणि अटी मोडल्यास कन्सोल कायमचा निकामी करण्याचा हक्क स्वतःकडे घेतला.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं, आणि त्याचे शब्द अमेरिकेहून वेगळे आहेत. कुलूप तोडणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण ते 'कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने' तोडलं तर. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. शिवाय प्रोग्राम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याची मुभा १९९९ च्या दुरुस्तीपासून कलम ५२ मध्ये आहेच. राइनहार्ट यांचा प्रश्न आपल्या कायद्यात असा शाबूत आहे. पायरेटेड खेळ चालवणाऱ्याला यातून सुटका नाही. जाणूनबुजून नकली प्रोग्राम वापरण्यासाठी कलम ६३ब आहे, आणि त्यात किमान सात दिवसांची कैद सांगितली आहे. पण पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या मुलीने आपल्या जुन्या कन्सोलवर स्वतः लिहिलेला खेळ चढवला, तर तिला विचारण्याचा पहिला प्रश्न 'कशासाठी' हाच असायला हवा.

दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्यावर मात्र कलमाने एक काम टाकलं आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कन्सोल दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला ते ठाऊक असायला हवं. ज्याचं काम केलं त्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कोणत्या उद्देशाने काम करून दिलं, याची पूर्ण नोंद ठेवायची. या नोंदीवाचून दुकानदाराला ती सवलत मागता येणार नाही.